महेशचंद्र बॅनर्जी

महेशचंद्र बॅनर्जी हे एकोणिसाव्या शतकातील बंगाली बुद्धिबळपटू होते. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवल्यावर काळ्याने राजाकडील घोडा बाहेर काढून उत्तर द्यावे, या पद्धतीच्या बचावांना जगभर 'भारतीय बचाव' म्हणतात. हे नाव रूढ होण्यामागे त्यांचा खेळ आहे.

कॉक्रेन यांच्याशी गाठ

स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हे त्या काळी कलकत्त्यातील सर्वांत बलवान युरोपीय खेळाडू होते. तेथील बुद्धिबळ मंडळाच्या एका सदस्यास खेड्यात राहणाऱ्या, कधीही न हरलेल्या एका ब्राह्मणाविषयी समजले. त्याने स्वतः खेळून खात्री केली आणि १८४८ मध्ये महेशचंद्रांना कॉक्रेन यांच्यासमोर आणले. पुढे १८६० पर्यंत दोघांत शेकडो डाव झाले. त्यांतील बहुतेक कॉक्रेन यांनी जिंकले. तथापि डाव लिहून ठेवले गेल्यामुळे महेशचंद्रांचा खेळ टिकून राहिला.

खेळाची शैली

देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. त्यामुळे संथपणे भक्कम रचना करण्याची सवय खेळाडूंना असे. युरोपीय नियम आत्मसात केल्यावरही महेशचंद्रांनी ही सवय सोडली नाही. घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून ते उंट लांब कर्णावर बसवीत. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापावा, असा युरोपात तेव्हा दंडक होता. महेशचंद्र मात्र प्रतिस्पर्ध्यास मध्य व्यापू देत आणि मग दुरून त्यावर मारा करीत.

१८५५ चा डाव

१८५५ मध्ये कॉक्रेन यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी घोडा बाहेर काढला, घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले आणि लगेच वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे नेऊन मध्याला आव्हान दिले. किल्लेकोट करून त्यांनी उंटापुढील प्याद्यानेही पांढऱ्याच्या मध्यावर हल्ला चढवला. हा डाव ते हरले. परंतु आज 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा सर्वांत जुना ज्ञात डाव होय.

वारसा

ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनंतर, हाच बचाव स्पर्धांत आणला आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथे अलेखिन यांना हरवले. बचावास ग्रुनफेल्ड यांचे नाव मिळाले. त्याच दशकात निमझोविच आदींनी मध्यावर दुरून ताबा ठेवण्याचा विचार सिद्धान्तरूपाने मांडला. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशर यांनी न्यूयॉर्क येथे डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध जिंकलेला प्रसिद्ध डावही ग्रुनफेल्ड बचावाचाच होता.

राजा-भारतीय, वजीर-भारतीय, निमझो-भारतीय या बचावांच्या नावांत महेशचंद्रांच्या देशाचा उल्लेख राहिला, त्यांचा नाही. उलट पेट्रॉफ बचावाविरुद्ध घोड्याचा बळी देणाऱ्या ज्या आक्रमणाला कॉक्रेन यांचे नाव आहे, ते कॉक्रेन यांनी १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळले होते.