जॉर्ज सायमन ओहम : नियमामागचा शिक्षक



नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम येतो. मुलं सूत्र पाठ करतात, गणितंही सोडवतात. पण ज्याच्या नावाचा हा नियम आहे तो माणूस आपल्यासारखाच शाळेत शिकवणारा होता, हे त्यांना नक्की सांगा.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतःच्या बळावर गणित शिकले आणि तेच त्यांनी मुलांना घरी शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. पुढे कॉलेजात त्यांचं मन नाच, बिलियर्ड्स आणि स्केटिंगमध्ये रमलं. वडील संतापले, शिक्षण अर्धवट सुटलं आणि त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. १८११ मध्ये मात्र त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून ते कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. पण अडचण होती बॅटरीची! त्या काळच्या विद्युतघटाचं विभवांतर प्रयोग चालू असतानाच बदलत राही. त्यामुळे १८२५ साली त्यांनी छापलेलं सूत्र चुकीचं निघालं. तेव्हा पोगेनडोर्फ या संपादकांनी सुचवलं, की घट सोडा, तापयुग्म वापरा. मग ओहम यांनी तांबं आणि बिस्मथ यांचा एक जोड उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. विभवांतर स्थिर झालं आणि वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून घेतलेली मापं जुळली.

१८२७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, पण त्याचं स्वागत थंडच झालं. अपेक्षाभंगामुळे त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं ओढाताणीत गेली. शेवटी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली, आणि ६ जुलै १८५४ रोजी त्यांचं निधन झालं. आज रोधाचं एकक 'ओहम' आहे.

वर्गात हे करून बघा : दोन सेल, बल्ब आणि बटण एका सरीत जोडा. बल्ब बंद असताना सेलचं विभवांतर मोजा, मग बल्ब चालू करून पुन्हा मोजा. समजा आधी ३ व्होल्ट होतं आणि आता २.७ भरलं, तर ०.३ कुठे गेलं? ते सेलच्या आतल्या रोधात खर्च झालं. ओहम यांच्या समीकरणात या आतल्या रोधालाही जागा होती. आता बल्ब, बटण आणि तारा यांवरचं विभवांतर वेगवेगळं मोजा. बेरीज २.७ च्या जवळ यायला हवी. फारच कमी आली तर एखादा भाग मोजायचा राहिला का ते तपासा. जुने, उतरलेले सेल घेऊ नका, वाचन सरकत राहतं.

मुलांचं उत्तर जुळलं नाही तर लगेच खोडू नका. आधी मोजमापाचं साधन तपासायला सांगा. ओहम यांनीही तेच केलं होतं.