औंधचे चित्रकार राजे

संस्थानिक म्हटला की शिकार, हत्ती-घोडे आणि उधळपट्टी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण सातारा जिल्ह्यातील औंध या अवघ्या बहात्तर गावांच्या संस्थानात एक राजा असा होऊन गेला, की ज्याच्या हातात तलवारीपेक्षा कुंचला अधिक शोभला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९०९ साली गादीवर आले. संस्थान लहान, मुलूख दुष्काळी, उत्पन्न बेताचे. तरीही १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. सूर्यनमस्कार ते स्वतः रोज घालीत आणि शाळेतील मुलांकडूनही घालून घेत. गरिबीतून शिकू पाहणारे साने गुरुजी काही काळ औंधच्याच शाळेत होते. गदिमांचेही काही शिक्षण तेथेच झाले.

चित्रकला हा तर त्यांचा जिव्हाळ्याचा विषय! रामायणातील प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले व 'चित्ररामायण' प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढावी, असा आग्रह त्यांनी १९१८ साली धरला व त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आयुष्यभर जमवलेली चित्रे व शिल्पे त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर बांधलेल्या श्रीभवानी संग्रहालयात मांडली. मुंबई-पुण्याला ती ठेवली असती तर नाव अधिक झाले असते. पण त्यांनी खेडे निवडले.

या निवडीचे मोल मला आमच्या वर्गाच्या सहलीत कळले. पहाटे तीनला सोनई सोडली, तेव्हा कुठे दुपारी औंध आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. चित्र म्हणजे भिंतीवरचे लक्ष्मीचे कॅलेंडर, एवढीच आमची ओळख. तसल्या छापील देवादिकांचे मूळ ज्या राजा रविवर्म्याकडे जाते, त्याच्या हातची चित्रे तेथे हातभर अंतरावरून पाहिली. रंगाचा थर आणि कुंचल्याचा फटकारा छापील कागदावर कधी दिसला नव्हता. धुरंधरांची चित्रे आहेत. इंग्लंडच्या हेन्री मूरने दगडात घडवलेली आई आणि मूल आहे. आमच्या शेजारी यमाईचे दर्शन घेऊन आलेले एक शेतकरी कुटुंब उभे होते. आजीबाई त्या दगडी आईकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना कोणी काही समजावून सांगितले नाही, आणि तशी गरजही वाटली नाही.

जे आपले, ते लोकांचे, ही बाळासाहेबांची वृत्ती केवळ चित्रांपुरती नव्हती. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यघटना जाहीर केली आणि सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले.

आज ते संग्रहालय शासनाकडे आहे. कला पोटभरल्या लोकांची चैन आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. दुष्काळी मुलखाच्या या राजाला ते पटले नाही. खेड्यातल्या माणसालाही उत्तम ते पाहण्याचा हक्क आहे, असे त्याने मानले. आपल्या तालुक्याच्या गावी अशी एखादी खोली का असू नये, हा प्रश्न आता आपल्याला पडायला हवा.