पॉवर स्टेअरिंगचे जनक फ्रान्सिस डेव्हिस आणि तुमचा जुना ट्रॅक्टर

हातखंबा तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तिथे चिऱ्यांची भरलेली ट्रॉली ओढत वळण घेणारा जुना ट्रॅक्टर तुम्ही नक्कीच पाहिला असेल. चालक सीटवरून अर्धा उठतो, दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढतो, तेव्हा कुठे पुढची चाके वळतात. भातखाचरात चिखलणी करताना तर दर कोपऱ्यावर हीच कसरत. संध्याकाळी खांदे भरून येतात. मग कोणीतरी सुचवते की पॉवर स्टेअरिंगचे किट बसवून घ्या.

किट घ्यायचे की नाही हे ठरवण्याआधी, ज्या माणसाने ही सोय प्रत्यक्षात आणली त्याची माहिती करून घ्या. त्याला कोणत्या अडचणी आल्या हे कळले, की दुकानात काय विचारायचे तेही कळेल.

फ्रान्सिस डेव्हिस यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बफेलो येथील पिअर्स-ॲरो या वाहन कंपनीत लागले. ही कंपनी श्रीमंतांच्या मोटारींसाठी नावाजलेली होती, पण डेव्हिस यांचे काम ट्रकच्या विभागात होते. त्या काळच्या अवजड ट्रकना भरीव रबराचे टायर असत. रस्ते खडबडीत, पुढच्या आसावर मोठा भार, आणि वळवायला फक्त माणसाचे दंड. खड्ड्यात चाक आपटले की स्टेअरिंग हातातून उसळत असे. तुमच्याकडे मॅकेनिकल स्टेअरिंगचा ट्रॅक्टर असेल, तर बांधावर चाक आदळताना अंगठा आऱ्यात अडकला की काय होते हे वेगळे सांगायला नको. (अंगठा नेहमी स्टेअरिंगच्या कडेवर ठेवावा, आऱ्याच्या आत नाही.)

हा त्रास रोज पाहणाऱ्या डेव्हिस यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू नोकरी सोडली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम गावी छोटी कार्यशाळा भाड्याने घेतली आणि जॉर्ज जेसप या कसलेल्या कारागिराला सोबत घेतले. अवजारे बनवण्यात जेसप यांचा हात बसलेला होता. दोघांनी मिळून एकेक भाग घडवला. झडपेसारखे बारीक मापाचे काम नुसत्या कागदावरच्या नकाशाने होत नाही, म्हणून जेसप यांचे नाव इथे मुद्दाम देत आहे.

तेलाच्या दाबाने जड काम करून घेणे तेव्हा नवे नव्हते. कारखान्यांतले प्रेस त्यावर चालत. पण बहुतेक यंत्रांत झडप बंद ठेवून तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवायची पद्धत होती. तेल कोंडले की ते फट शोधते. त्यामुळे गळती ठरलेलीच, आणि धक्के खाणाऱ्या गाडीवर तर जास्तच. डेव्हिस यांनी हे उलटे केले. त्यांच्या रचनेत झडप एरवी उघडी असते. इंजिनवर चालणारा पंप तेल फिरवत राहतो आणि ते फारसा दाब न येता टाकीत परत जाते. चालकाने स्टेअरिंग फिरवले की झडप किंचित सरकते, परतीची वाट आवळते आणि सिलिंडरच्या एका बाजूला दाब चढतो. तोच दाब चाक वळवतो. पाटाचे पाणी डोळ्यांसमोर आणा. पाट मोकळा असला की पाणी नुसते वाहते. आडवी फळी घातली की ते चढते आणि हव्या त्या वाफ्यात शिरते. फळी काढली की पुन्हा वाहू लागते.

आणखी एक बारकावा होता. झडप मध्यभागी राहावी म्हणून तिला स्प्रिंगचा आधार दिलेला होता. हाताचा थोडा जोर पडल्याशिवाय तेलाची मदत सुरूच होत नसे. त्यामुळे सरळ रस्त्यावर चाकाचा अंदाज हाताला लागत राहायचा. खड्ड्याचा धक्काही तेलातच जिरायचा. चालकाचे कष्ट वाचले, पण लगाम त्याच्याच हातात राहिला.

ही रचना त्यांनी पिअर्स-ॲरोच्याच एका मोटारीवर बसवली. १९२६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी मोटार घेऊन डेट्रॉइट गाठले. तिथल्या अभियंत्यांना ती चालवून दाखवली. जनरल मोटर्सने करार केला आणि महागड्या कॅडिलॅक मोटारीत ही सोय द्यायचे ठरले. इथपर्यंत सगळे सुरळीत होते. पुढे जागतिक मंदी आली, महाग मोटारींचा खप घटला. साचे आणि यंत्रे उभारायचा खर्च परवडत नाही म्हणून १९३४ मध्ये कंपनीने हात काढून घेतला. जवळजवळ आठ वर्षांची मेहनत, आणि बाजारात एकही गाडी नाही.

१९३६ मध्ये डेव्हिस यांनी बेंडिक्स कंपनीशी करार केला. तरीही मोटारवाले खर्चाचा हिशेब करत बसले. गरज निघाली ती रस्त्याबाहेर. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्या आणि अवजड लष्करी वाहने चिखलातून, दगडधोंड्यांतून न्यायची होती. पोलादी पत्र्याने त्यांची पुढची बाजू इतकी जड झालेली, की नुसत्या हाताने वळवणे अवघड होते. अशा हजारो वाहनांवर डेव्हिस यांच्या पद्धतीचे स्टेअरिंग बसले.

पेटंट १९३१ मध्ये मिळाले होते आणि त्याची मुदत १७ वर्षांची होती. १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल मोटारीत पॉवर स्टेअरिंग आणले, तेव्हा मूळ पेटंट संपलेले होते, त्यामुळे त्या कंपनीला डेव्हिस यांना काही देणे लागत नव्हते. त्यानंतर मात्र जनरल मोटर्सला जाग आली आणि ती त्यांच्या सुधारित रचनेकडे परत वळली. १९५० च्या दशकात ट्रॅक्टरवरही ही सोय येऊ लागली. डेव्हिस १९७८ मध्ये वारले. आयुष्यभराच्या कामाचा उपयोग त्यांना डोळ्यांनी पाहता आला, हे त्यातल्या त्यात बरे.

आता तुमच्या ट्रॅक्टरकडे वळू. डेव्हिस यांच्या रचनेत स्टेअरिंग आणि चाके लोखंडी दांड्यांनी जोडलेलीच होती, तेल फक्त मदतीला होते. इंजिन बंद पडले तरी जोर लावून गाडी वळायची. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत मात्र स्टेअरिंगखाली ऑर्बिटल युनिट असते. तिथून चाकांपर्यंत लोखंडी जोड नसतो, फक्त होज पाइप जातात. इंजिन बंद पडले तर ते हातपंपासारखे थोडेफार चालते, पण खूपच जड होते. म्हणून डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडणे हा जिवावरचा खेळ आहे. होज फुटला तर वळण्याची सोयच जाते. किट घेताना ते दोन्हीपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न तेलाचा. लिफ्टच्याच पंपावरून स्टेअरिंगला तेल द्यायचे असेल, तर आधी स्टेअरिंगला आणि उरलेले लिफ्टला असे वाटप करणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर नांगर उचलता उचलता बांधापाशी स्टेअरिंग अडेल. वेगळा पंप असेल तर उत्तम.

किटवर पैसे घालण्याआधी जॅक लावून पुढची चाके उचला आणि हाताने हलवून पाहा. किंगपिनचे बुश, टाय रॉडची टोके आणि पुढच्या आसाचा बुश झिजला असेल, तर ते आधी बदला. टायरची हवा तपासा. अनेकदा एवढ्यानेच स्टेअरिंग निम्मे हलके होते आणि किटची गरज पडत नाही. झिजलेल्या सांध्यांवर तेलाचा जोर दिला तर ते लवकर तुटतील, आणि हात हलका असल्याने झीज कळणारही नाही.

सगळ्यात मोठा धोका चढावर आहे. भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे नाक हलके होते. मॅकेनिकल स्टेअरिंग तेव्हा एकदम सैल लागते आणि चालक सावध होतो. पॉवर स्टेअरिंग कायमच हलके, त्यामुळे ही खूण जाते. पावसात भिजलेल्या कातळावर किंवा चिरेखाणीच्या रस्त्यावर पुढची चाके उचलली गेली, तर स्टेअरिंग फिरते पण ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे कंपनीने दिलेली वजने लावा आणि ट्रॉली मर्यादेत भरा.

किट तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेले असेल तर तेच घ्या आणि अधिकृत डीलरकडून बसवा. वाहनात मूळ रचनेहून वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंधने आहेत, म्हणून आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या. गावातल्या वेल्डरकडून ब्रॅकेट जोडून घेऊ नका.

बसवल्यावर आपल्याकडच्या पावसाची काळजी घ्या. चिखलणी झाली की सिलिंडरचा चकचकीत दांडा पुसून घ्या. त्यावर गंज चढला की सील कापले जाते आणि तेल गळू लागते. टाकीचे झाकण घट्ट ठेवा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजा. पाणी कुठून शिरले ते शोधून तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. गळती शोधायला होजवरून बोट फिरवू नका. दाबाखालचे तेल कातडीत घुसते. इंजिन चालू असताना पुठ्ठ्याचा तुकडा अंतरावरून धरा, डाग उमटेल तिथे गळती आहे.