शिवसमुद्रमची वीज आणि दिवाण शेषाद्री अय्यर

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांचा जन्म १८४५ साली मलबारातील पालघाट परिसरात झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची पदवी घेऊन ते १८६८ साली म्हैसूरच्या सेवेत दाखल झाले. दिवाण रंगाचार्लू यांच्या निधनानंतर १८८३ साली दिवाणपद त्यांच्याकडे आले आणि पुढे अठरा वर्षे त्यांनी ते सांभाळले.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने संस्थान खिळखिळे झाले होते. लोहमार्ग व जलाशय यांच्या उभारणीने शेषाद्रींनी राज्याची घडी बसविली. परंतु त्यांच्या दूरदृष्टीचे खरे प्रतीक म्हणजे कावेरीवरील शिवसमुद्रमचे वीजकेंद्र होय. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील यंत्रांना शक्ती हवी होती. ती सुमारे ९२ मैलांवरील धबधब्यातून न्यावी, ही योजना लोतबिनिएर या अभियंत्याने मांडली. इतक्या लांब वीज नेणे हे त्या काळी जगातही धाडसच होते. शिवाय मद्रास सरकारची संमती मिळवायची होती. शेषाद्रींनी ही सारी जोखीम पत्करली.

पहिली वीज प्रजेच्या घरी न जाता परकीय कंपन्यांच्या खाणींकडे गेली, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. तथापि, नियमित मोल देणारे असे मोठे गिऱ्हाईक नसते तर एवढा खर्च संस्थानाला पेलला नसता. खाणींच्या आधाराने केंद्र उभे राहिले आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरचे रस्ते त्याच विजेने उजळले.

ते पाहणे मात्र शेषाद्रींच्या नशिबी नव्हते. प्रकृती ढासळल्याने १९०१ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला निवर्तले. ३० जून १९०२ रोजी, अवघ्या साडेनऊ महिन्यांनी, वीज कोलारला पोहोचली.

उन्हाळ्यात कावेरी आटली की केंद्राची शक्ती घटे. ही उणीव पुढे कृष्णराजसागर धरणाने भरून काढली. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले विश्वेश्वरय्या त्याचे प्रमुख शिल्पकार. केंद्राची क्षमता वाढत ४२ मेगावॉट झाली. आजच्या महाकाय प्रकल्पांपुढे हा आकडा लहानच. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या. ज्यांच्यासाठी वीज निर्माण झाली ते सोने संपले, पण शिवसमुद्रमचे केंद्र त्यानंतरही चालू राहिले. आपल्या हयातीत फळ न देणारे झाड लावणाऱ्या या दिवाणाचे मोठेपण त्यातच आहे.