भंडाऱ्यावरील एकांत

लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून खाली येते आणि वराळे, इंदुरी ह्या गावांच्या परिसरातून देहूकडे वळते. इंदुरीलगतचा भंडारा डोंगर ह्या टापूतील लोकांच्या नित्याच्या ओळखीचा आहे. डोंगर फार उंच नव्हे. त्याच्या अंगावर प्राचीन काळी खोदलेली लेणी आहेत. सतराव्या शतकात देहूचा एक वाणी ह्या डोंगरावर येऊन तासन्‌तास एकटा बसत असे. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यास तुकोबा म्हणून ओळखले.

तुकोबांचे घराणे मोऱ्यांचे. जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी. गावची महाजनकी त्यांच्याकडे होती. घरी शेती होती, दुकान होते, सावकारीही होती. पूर्वज विश्वंभरबोवा ह्यांच्या काळापासून घरात विठ्ठलाची पूजा चालत आलेली. वडील बोल्होबा व आई कनकाई ह्यांना तीन मुलगे: सावजी, तुकाराम आणि कान्होबा. सावजी मुळातच विरक्त. त्यांनी प्रपंचाचा भार घेण्याचे नाकारले, तेव्हा तो मधल्या मुलाच्या खांद्यावर आला. त्या वेळी तुकोबा अवघे तेरा वर्षांचे होते असे परंपरा सांगते. ज्या वयात मुले विटीदांडू खेळतात त्या वयात हा मुलगा तागडी धरून बसला, बैलांवर गोण्या लादून बाजार करू लागला, आणि येणे-देणे पाहू लागला. त्याने ते चांगले पाहिले. स्वस्थ बसण्यास सवड नव्हती आणि तशी इच्छाही अजून जागी झाली नव्हती.

मग आघातांमागून आघात आले. आईवडील गेले. भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. १६३० च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. धान्य मिळेना, गुरे मेली, गावे ओस पडली. तुकोबांचे दिवाळे निघाले. त्यांची प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि लहानगा संतोबाही गेला. चार लोकांत ज्याचा शब्द चालत असे त्यास बाजारात तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली.

अशा मनःस्थितीत तुकोबा घरातून निघाले आणि भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. इकडे घरी शोधाशोध सुरू झाली. अखेर धाकटे कान्होबा त्यांना शोधीत डोंगरावर पोहोचले. तुकोबा खाली आले खरे, परंतु घरात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. वडिलांच्या वेळची कर्जखते इंद्रायणीच्या काठी आणविली. कान्होबांच्या पदरी मुलेबाळे होती, म्हणून निम्मी खते त्यांच्या स्वाधीन केली आणि स्वतःच्या वाटणीची निम्मी नदीत सोडून दिली. दुष्काळात जसे तुकोबा नागवले होते तसेच त्यांचे ऋणकोही नागवले होते. त्यांच्या दारी तगादा लावायचा आणि डोंगरावर जाऊन शांती शोधायची, हे दोन्ही एका माणसाच्या हातून होणे कठीण होते. तुकोबांच्या एकांताचा आरंभ डोंगरावर नव्हे, ह्या नदीकाठी झाला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

ह्यानंतर त्यांनी पडझड झालेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले. त्यांचा दिनक्रमही बदलला. प्रातःकाळी इंद्रायणीत स्नान करावे, विठ्ठलाची पूजा करावी, आणि दोन कोसांची वाट तुडवून भंडाऱ्यावर जावे. तेथे ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवत वाचावे, नामदेवांचे अभंग पाठ करावेत, वाचलेल्याचा मनाशी विचार करावा. सायंकाळी गावात परतून कीर्तनास उभे राहावे. ते राना-डोंगरांतच राहिले असते तर त्यांना कोणी अडविले नसते. त्या काळी घर सोडणारे पुष्कळ होते, त्यांच्याच घरात सावजी होते. परंतु तुकोबा डोंगर उतरून खाली येत. दिवसभर जे मनात मुरे, ते रात्री टाळमृदंगाच्या घोषात शेतकऱ्याच्या, तेल्याच्या, वाण्याच्या कानी पडे. चाकणचे संताजी जगनाडे ह्यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले. त्या अभंगांत तागडी आहे, पेरणी आहे, माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण आहे. हे सारे खालच्या गावातले होय.

ह्या दिनक्रमाचा भार मात्र दुसऱ्या एका व्यक्तीवर पडला. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई ही पुण्याच्या गुळवे सावकाराची कन्या. सुखवस्तू घरातून ती आली आणि तिच्या वाट्यास दिवाळे निघालेला संसार आला. घरात मुले, हाती पैसा नाही, आणि पती डोंगरावर. ती भाकरी बांधून उन्हातान्हात भंडारा चढे आणि तुकोबांना जेवू घालूनच स्वतः जेवे. एकदा वाटेत तिच्या पायात काटा रुतला, अशी आख्यायिका आहे. तुकोबांची चरित्रे सांगणाऱ्यांनी तिला तोंडाळ व भांडखोर ठरविले. पण ती बोले ते खोटे नव्हते. घरात धान्य नसताना धान्य नाही असे कोणी तरी म्हणावयासच हवे. ती चूल तिने विझू दिली नाही, म्हणून डोंगरावरचे ते प्रहर तुकोबांना लाभले.

मिळविलेल्या शांतीची कसोटी पुढे लागली. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी घेतला आणि तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी खते बुडविली तेव्हा मन हलके झाले होते. आता बुडाले ते आयुष्याचे संचित होते. तुकोबा नदीच्या काठी शिळेवर तेरा दिवस निराहार बसून राहिले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. वह्या कोरड्या वर आल्या, असे भाविक मानतात. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे १६५० साली, तुकोबांनी देहूचा निरोप घेतला. जिजाई त्या वेळी गरोदर होती. तिला जो मुलगा झाला त्याचे नाव नारायण. पित्याला त्याने कधी पाहिले नव्हते. जे ऐकले ते आईच्या तोंडून आणि देहूच्या टाळकऱ्यांकडून. ह्याच नारायणबोवांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली.