कर्मवीर भाऊराव पाटील : रयतेच्या मुलांचे पालक

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली दरवर्षी छापली जाते आणि वार्षिक संमेलनात त्यांचा यथोचित गौरवही होतो. तो सोहळा पाहून कोणाही शिक्षकाचे मन प्रसन्न झाल्यावाचून राहत नाही. तथापि या नामावलीत ज्यांचे नाव कधीच येत नाही, त्या मुलांचा विचार मनात येऊन मी अस्वस्थ होतो. स्मरणिकेच्या चालकांनी एखाद्या शिक्षणमहर्षींचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा याच विचाराने मी एका अशा पुरुषाची निवड केली, की ज्याला स्वतःला मॅट्रिकची पायरी चढता आली नाही, पण ज्याने हजारो मुलांना ती चढवून पलीकडे पोहोचविले. ते पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते, त्यामुळे वरचेवर बदल्या होत. मातोश्री गंगाबाई. लहानपणापासून भाऊरावांचा पिंड धाडसी व बंडखोर होता. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली तहानेल्या माणसाला पाणी नाकारले जाते, हे त्यांना कधीच सहन झाले नाही.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींना उत्तेजन देऊन त्यांची वसतिगृहे उभी करविली होती. खेड्यातील मुलाला शहरात डोके टेकण्यास जागा नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही त्याला त्याचा उपयोग नाही, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे महत्त्व कोणी विचारले, तर कोल्हापूरच्या या वसतिगृहांकडे बोट दाखवावे.

परंतु याच वसतिगृहात भाऊरावांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा चालकांचा आग्रह पडला. भाऊरावांनी त्यास साफ नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या सान्निध्यात राहण्याचा योग आला, पण इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. ज्ञातीच्या छत्राखाली आसरा मिळतो हे त्यांनी अनुभविले, आणि तेच छत्र संकुचित झाले म्हणजे आपल्याच मुलाला उन्हात उभे करते, हेही अनुभविले. हे दोन्ही अनुभव त्यांनी जन्मभर विसरले नाहीत.

यानंतर साताऱ्यास येऊन ते शिकवण्या करू लागले व पाटील मास्तर या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे संसाराच्या निर्वाहासाठी ओगल्यांच्या काच कारखान्याचा व किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याची ही भ्रमंती वाया गेली नाही. बळीराजाची परिस्थिती त्यांनी चावडीवर बसून, भाकरी खाऊन पाहिली. शेतकऱ्याचे पोर बुद्धीने उणे नाही, परंतु तालुक्याच्या शाळेजवळ राहावे कोठे, खावे काय व पुस्तक आणावे कोठून, या तीन प्रश्नांपाशी त्याची वाट खुंटते, हे त्यांच्या ध्यानात आले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली असता तेथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेचा आरंभ वसतिगृहाने झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मुलाच्या निवाऱ्याची, भाकरीची व दिव्याची सोय आधी झाली; संस्थेच्या शाळा मागाहून आल्या. १९२४ साली कार्याचे ठाणे साताऱ्यास हलले व तेथे वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहात मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग अशी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी येथे भेट दिली व त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पुढे १९३२ साली, पुणे कराराचे स्मरण म्हणून, पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले.

या कार्याचा खरा भार उचलला तो भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या साध्वीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे वाढले, दुखण्याखुपण्यात त्यांच्या उशाशी बसून रात्री काढल्या. कोठीतील धान्य संपे, तेव्हा अंगावरील एकेक दागिना जाई, आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी खर्ची पडले. १९३० साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या नावे पुढे शिक्षणनिधी उभा राहिला व त्यातून गरजू विद्यार्थ्यांना साह्य मिळू लागले. दागिना एकदाच मोडला, पण त्याचे व्याज कित्येक घरांत अद्यापि खेळते आहे.

येथे माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणे मला कर्तव्य वाटते. मी जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकी पेशात शिरलो. उमेदीच्या काळात माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा रोज डुलक्या घेई. आळशी समजून मी त्यास अनेकदा उभे केले, चारचौघांत बोललो. तो गुऱ्हाळावर पहाटेपासून काम करून शाळेत येत असे, हे मला कळले तेव्हा त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले होते. त्याच्या घरी एकवार जाऊन आलो असतो, तर कदाचित तसे झाले नसते. भाऊरावांचे चरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचले, तेव्हा त्यातील वसतिगृह हे मला केवळ इमारत म्हणून दिसले नाही. मूल रात्री कोठे निजते व सकाळी काय खाऊन येते, हे ज्यास ठाऊक आहे अशा वडीलधाऱ्याची ती नजर होती.

भाऊरावांनी गरीब विद्यार्थ्याला दान दिले नाही. त्याला काम दिले. शेतात राबावे, खडी फोडावी, आपले अन्न आपण शिजवावे आणि त्या श्रमाच्या बळावर ताठ मानेने शिकावे, ही कमवा आणि शिका योजना त्यांनी प्रत्यक्षात आणली. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज या तत्त्वावर सुरू झाले. सकाळी हातात कुदळ व दुपारी हातात पुस्तक घेणाऱ्या त्या मुलांना आपण कोणाच्या उपकाराखाली आहोत, असे कधी वाटले नाही.

परंतु राहण्याजेवण्याची सोय झाली तरी वर्गात शिकविणारा शिक्षक कच्चा असेल, तर सर्व खटाटोप व्यर्थ जातो. म्हणूनच १९३५ साली, ज्या वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली, त्याच वर्षी भाऊरावांनी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यासाठी खेड्यातूनच शिक्षक घडवावा, त्याला अध्यापनाचे शास्त्र शिकवावे आणि ग्रामजीवनाशी त्याची नाळ तुटू देऊ नये, असा त्यामागील हेतू होता. शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले, तर माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी १९५५ साली आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. ज्या डोंगराळ वाड्यावस्त्यांवर सरकारी शाळा पोहोचली नव्हती, तेथे संस्थेने व्हॉलंटरी शाळा उघडल्या. देवळात वा धर्मशाळेत एकच शिक्षक फळा टांगून अक्षरे गिरवून घेई.

मुलातील गुण हेरून त्याच्या पाठीशी उभे राहण्याची भाऊरावांची हातोटी विलक्षण होती. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आले, संस्थेच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या पंगतीत जेवलो त्या पंगतीत वाढावयास परत यावे, असा संस्कार त्या छपराखाली होत असे.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण ही पदवी अर्पण केली व पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर केले! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्या वृक्षाच्या पारंब्या आज सातशेहून अधिक शाखांच्या रूपाने महाराष्ट्रभर व कर्नाटकातही रुजल्या आहेत.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, गुणवंतांचा सत्कार आपण अवश्य करावा. परंतु जो पहिला आला तो आपल्या हाराविनाही पहिला आला असता. आपल्या आधाराची खरी गरज आहे ती गणितात मागे पडणाऱ्या, घरात टेबल-खुर्ची नसणाऱ्या, नापास होऊन तोंड लपविणाऱ्या मुलाला व मुलीला. संस्थेचे सभागृह वर्षातील बहुतेक संध्याकाळी बंद असते. तेथे दिवा लागावा, बसावयास सतरंजी असावी, वापरलेली पाठ्यपुस्तके एका कपाटात जमावीत व आम्हा निवृत्त शिक्षकांनी आळीपाळीने येऊन बसावे. प्रत्येक मुलाच्या घरी वर्षातून दोनदा तरी कोणी जाऊन यावे. याला मोठ्या निधीची आवश्यकता नाही. मी माझ्याकडून सोमवार व गुरुवार या दोन संध्याकाळी देण्यास सिद्ध आहे.

आणखी एक नम्र विनंती. त्या सतरंजीवर शेजारच्या वस्तीतील एखादे मूल येऊन बसले, तर त्याला त्याची ज्ञाती विचारू नये. कोल्हापूरच्या वसतिगृहातून एका मुलाला बाहेर पडावे लागले, ते याच प्रश्नामुळे. तो मुलगा पुढे कोण झाला, हे आपण आताच वाचले आहे.

ईश्वर आपणा सर्वांना ही सुबुद्धी देवो, एवढीच प्रार्थना करून कर्मवीरांच्या पुण्यस्मृतीस वंदन करतो.