सुकाणूवर कोणी नाही, तरी बोट वाटेवर! काय घडले होते जोशुआ स्लोकम यांच्या ‘स्प्रे’वर?

जुलै १८९५. अझोर्स बेटांवरून जिब्राल्टरकडे निघालेल्या ‘स्प्रे’ या शिडाच्या बोटीत जोशुआ स्लोकम पोटात कळा येऊन केबिनच्या फळ्यांवर पडले होते. प्लम आणि चीज खाणे अंगाशी आले होते. बोटीवर दुसरे कोणी नव्हते आणि वादळ येत होते. कळा सोसत त्यांनी मुख्य शीड आखडले, पण बोट थांबवून धरली नाही. खरे तर तेच शहाणपणाचे ठरले असते. रात्री भ्रमात त्यांना कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या सुकाणू धरून उभा दिसला. सकाळी पाहतात तो डेकवरचे सुटे सामान लाटांनी धुऊन नेलेले आणि बोट ठरल्या दिशेनेच ९० मैल पुढे आलेली!

यामागचे कारण साधे होते. ‘स्प्रे’चा तळाचा कणा लांब होता. पुढच्या आणि मुख्य शिडांचा ताण एकदा जुळला, की चाक बांधून ठेवले तरी बोट दिशा सोडत नसे. ३६ फूट ९ इंचांची ही मोडकी बोट स्लोकम यांनी १३ महिने खपून, ५५३.६२ डॉलर खर्चून जवळपास नव्याने बांधली होती.

नोव्हा स्कॉशियात १८४४ मध्ये जन्मलेल्या या कप्तानाला पोहता मात्र येत नव्हते. २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघालेले स्लोकम २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोहोचले. सुमारे ४६,००० मैलांची ही एकट्याने केलेली पहिली सागरी पृथ्वीप्रदक्षिणा. १९०९ मध्ये ते याच बोटीतून पुन्हा एकटेच निघाले. ना ते सापडले, ना बोट.